तीन ऑगस्ट

तिपाईचा तिसरा पाय नेहमीचाच खोटारडा.
त्याच्याखाली पपईच्या पेटीची फळी सारली, काढली,
पुन्हा अर्धी सारली,
तेव्हा कुठे बुडबुडा वर्तुळात येऊन बसला
अंड्यावर कोंबडी बसावी तसा.

मग दक्षिण.
आमच्याकडे ध्रुव नाही.
उत्तरेकडच्यांना एक तारा आयता मिळालाय, खुंटीसारखा.
आमच्या आकाशात खुंटीची जागा आहे, खुंटी नाही.
म्हणून आधी क्रूस शोधायचा.
मार्चमध्ये तो डोंगराच्या खांद्यावर आडवा पडलेला असतो.
त्याच्या लांबीच्या साडेचारपट
अंधारात बोट चालवत न्यायचं
आणि जिथे काहीच नाही तिथे थांबायचं.
त्या काहीच-नाहीकडे मी अक्ष वळवला.
उंची तीस अंश. एल्कीच्या खोऱ्यात एवढीच.

यास्ना घोंगडी पांघरून पायरीवर बसली होती,
तांबडा टॉर्च माझ्या हातांवर धरून.
वीज गाडीच्या बॅटरीतून घेतलेली.
यंत्र एकेहार्ट विकून गेला, जर्मनीला परतताना,
मॅन्युअलसकट. मॅन्युअल इंग्रजीत.

हँडसेटने गाव विचारलं, वेळ विचारली,
तारीख विचारली.
आठ मार्च.
मी दाबलं, शून्य आठ, शून्य तीन.

यादीत अगस्त्य नव्हता.
वर बघितलं. विजेच्या तारेच्या जरा दक्षिणेला
तो होता, चांगला ढणढणीत.
यंत्राच्या लेखी मावळलेला.
व्याधही मावळलेला.
ज्येष्ठा घे, म्हणालं.
घेतली. मोटर कुरकुरली, नळी उठली,
थेट डोक्यावर जाऊन उभी राहिली
आणि तिथे चारदोन बिननावाचे ठिपके.
ज्येष्ठा या दिवसांत मध्यरात्रीनंतर येते,
तेही डोंगराने सोडलं तर.

मी नट तपासले. वजन खाली-वर केलं.
एकेहार्टच्या सात पिढ्या काढल्या.

"आई, ते महिना आधी लिहितात,"
यास्ना म्हणाली, हँडसेटवर वाकून.
"तू आज तीन ऑगस्ट केलीस."

मग दोघी गप्प.
विकुन्याच्या दवाखान्यातल्या सुईणीने
कार्डावर लिहून दिलेली तारीख तीच,
एखादा दिवस इकडे-तिकडे.

नळी तशीच वर बघत होती,
ठाम, तिच्या हिशेबात अचूक.
तिच्या हिशेबात द्राक्षं काढून झाली होती,
थंडी पडली होती,
अगस्त्य नुकता बुडाला होता.

"मग हे कुठंय?" यास्नाने पोटावर टॉर्च धरला.

"आत झोपलंय," म्हटलं. "हळू बोल."

स्वयंपाकघराचा दिवा चालू राहिला होता.
दोघींनी तिकडे बघितलं,
उगाच, जरा जास्तच वेळ.
शेजारचा कुत्रा भुंकला तर ती त्याच्यावर खेकसली,
दबक्या आवाजात.
बापाचं नाव दोघींनीही काढलं नाही.

मग पाच महिने मागे घेतले. चार बटणं लागली.

आता अगस्त्य यादीत पहिला.
नळी वळली, ओशाळल्यासारखी, थांबत थांबत,
आणि तारा भिंगात नाही, पण शोधकाच्या काठाशी आला.
बाणाच्या बटणाने डावीकडे, थोडं वर,
थोडं खाली, मीच चुकले, पुन्हा वर,
मध्यभागी. दाब.
मग व्याध. मध्यभागी. दाब.
हँडसेट म्हणाला, जुळलं.

यास्नाला वाकवेना, म्हणून तिला स्टूल दिलं.
ती बराच वेळ बघत राहिली.
"हा हलतच नाही," म्हणाली.
हलतो गं, सांगणार होते,
खालची मोटर त्याच्यामागे निघालीय, ऐक,
घड्याळ उशीखाली ठेवल्यासारखी.
पण तिने बोट वर करून मला थांबवलं,
दुसरा हात पोटावर,
आतलं काही ऐकत असल्यासारखी.
मी थांबले.

पहाटे समुद्राकडून धुकं चढलं तेव्हा झाकण लावलं.
सकाळी तिची तपासणी, आणि गाडी सुरूच होईना.
सगळी बॅटरी आकाशात गेलेली.
यास्ना स्टिअरिंगवर,
मी आणि शेजारचे दोन फ्लोरेन्सियो मागून ढकलत,
द्राक्षांच्या उतारापर्यंत.