अकरा महिने

त्रेसष्ट किल्ल्या आहेत माझ्याकडे.
एकेकीला पांढरी चिकटपट्टी, वर निळ्या पेनाने:
वाकड ७०३, पाषाण मागची इमारत, कोथरूड खळदकर.
एकीची पट्टी गळून गेली आहे.
दोन वर्षं ती नुसतीच वाजते इतरांबरोबर.

काल टिळक रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये
सातशे रुपये भरून, चहा-बिस्किटांसकट,
एका टायवाल्याने आम्हाला सांगितलं
की ध्येय मोजता आलं पाहिजे.
शेजारचा हडपसरचा एजंट पुटपुटला,
मोजतोच की, दर पाच तारखेला.
हसलो आम्ही. बिस्किटं संपवली.
घरी आल्यावर मात्र
वहीचं मागचं पान उघडलं.

तक्रार आली की चोवीस तासांत माणूस दारात.
खोडलं. अठ्ठेचाळीस केले.
मग शर्वाणी वानखेडे आठवली, अकोल्याची,
डिसेंबरात गीझर बंद पडलेली.
नऊ दिवस मी तिला ‘उद्या’ पाठवत होते,
पुढे हात जोडल्याची खूण.
दहाव्या दिवशी तिच्याकडून फोटो आला:
गॅसवर पातेलं, पातेल्यावर वाफ.
खाली एक अक्षर नाही.
अठ्ठेचाळीस खोडून पुन्हा चोवीस.

मोमीनभाईंचे पैसे त्याच दिवशी.
ते एकदा पाना पुसत म्हणाले होते,
मॅडम, गळती मी अर्ध्या तासात थांबवतो,
तुमच्याकडचे पैसे तेवढे थेंब थेंब येतात.

डिपॉझिट सात दिवसांत परत.
इथे पेन थोडं अडलं.
बाणेरच्या त्या तीन पोरांचे
सहा खिळ्यांचे अडीच हजार कापले होते मी.
भिंतीला रंग तसाही द्यायचाच होता.
हे वाक्य वहीत पहिल्यांदाच लिहिलं,
ध्येय म्हणून नाही,
असंच, समासात.

आणि फोनवरचं ते माझं गोड बोलणं:
‘आडनाव काय म्हणालात?
हो का. मालकांना विचारून कळवते हं.’
विचारलं कधी मालकांना?
खळदकर काका तर न्यू जर्सीहून एवढंच म्हणाले होते,
भाडं वेळेवर येऊ दे, बाकी तू बघ.
बाकी मी बघत आले.
त्या बाकीत किती जण जिन्यावरूनच परत गेले,
कुणी ओला फॉर्म घडी घालून खिशात ठेवला,
कुणी नुसतं ‘ठीक आहे मॅडम’ म्हटलं, सवयीनं.
मोजता येण्यासारखा आकडा आहे तो.
टायवाल्याने सांगितलं तसा, अगदी नेमका.
जुन्या वह्या माळ्यावर आहेत.
शिडी शेजाऱ्यांकडे.

शेवटी खाली लिहिलं: करार अकरा महिन्यांचा.
लिहून देणार मी, लिहून घेणारही मीच.
साक्षीदारांच्या दोन ओळी रिकाम्या.
नोटीस एक महिन्याची, दोन्ही बाजूंनी.
नवरा म्हणाला, एवढ्या रात्री कुणाचं ॲग्रीमेंट?
म्हटलं, एक जुनीच भाडेकरू आहे,
घर नीट वापरत नाही.

आज रविवार.
ॲक्टिव्हाच्या डिकीत थोडं खोबरेल तेल,
नवी चिकटपट्टी, निळं पेन.
बिनचिठ्ठीची किल्ली जुडग्यातून सुटी काढली आहे.
बावधनपासून सुरुवात करते.
पहिल्या कुलुपाला लागली नाही.
दुसऱ्याला अर्धी आत गेली,
आणि आतून कुणीतरी विचारलं,
कोण आहे?