डावखुरी

किडवेलीच्या किल्ल्यावर फॅमिली तिकीट काढलं.
दोन मोठे, तीन लहान.
आमची एकच. उरलेल्या दोघांच्या जागी
अन्वयीने बुरुजावरचे डोमकावळे धरले.

गाईड म्हणाला, जिना मुद्दाम असा वळवलाय:
वरून लढणाऱ्याचा उजवा हात मोकळा,
खालून येणाऱ्याचा भिंतीत अडकलेला.
सगळ्यांनी माना डोलावल्या.
अन्वयी दोन पायऱ्या खाली उतरली,
डाव्या हातातली मिटलेली छत्री वर रोखली,
"आणि मी आले असते तर?"

गाईड हसला.
मग जिन्याकडे नव्याने बघत राहिला.

परवाच पूजेनंतर
प्रसादासाठी पुढे आलेला हाच हात
मी मागे सारला होता. सवयीने.
सुधन्वा तेव्हाही काही बोलला नव्हता.
त्याच्या शाळेत डाव्या बोटांवर
फुटपट्टी बसायची;
उजव्याने काढलेलं त्याचं अक्षर
अजून बँकेतसुद्धा कुणाला लागत नाही.

पार्किंगमध्ये डिकी उघडून
गार धिरडी खाल्ली.
तिने डाव्या हाताने,
आणि जरा वेळाने, इकडेतिकडे बघून,
त्यानेही.

खाडीवरून वारा सुटला होता.
लोणच्याची बरणी कलंडू नये म्हणून
मी ती दोन्ही हातांनी
धरून उभी राहिले.