रोज चार मिनिटं

घणसोलीच्या शाळेत मी प्रयोगशाळा सहायक.
परीक्षानळ्या धुतो, काडेपेट्या मोजतो.
मढवीबाई म्हणाल्या, दुर्बीण मिळालीय,
चिलीच्या वाळवंटातली, महिन्यातून चाळीस मिनिटं,
पण पोरं विचारतात, तिकडे आत्ता किती वाजले?

तबकडीला घेतला जुना कॅरम बोर्ड,
एक कोपरा वाळवीनं आधीच जिंकलेला.
मोटार रबाळ्याच्या भंगारातून, ऐंशी रुपये.
काट्यांना सायकलच्या तारा.
लाल काटा आपला.
निळा तिकडचा, साडेनऊ तास मागे:
आपली तिसरी तासिका म्हणजे तिथली रात्रीची एक.
पांढरा ताऱ्यांचा.
त्याला सूर्याशी देणंघेणं नाही,
रोज चार मिनिटं पुढे सटकतो
(चार सेकंद कमी, जुईली अजून दुरुस्त करते).

पहिला आठवडाभर मी त्याला
रोज सकाळी मागे ओढून ठेवला.
वाटलं, माझंच दात्यांचं गणित चुकलंय.
बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या,
खामकर, तो बरोबर आहे. सोडा त्याला.

रोहिदासचे वडील ऐरोलीत रात्रपाळी करतात,
परक्या देशातल्या लोकांची बिलं
त्यांच्या दिवसा, आपल्या रात्री निस्तरतात.
पालकसभेला आले, डोळे तांबारलेले,
मुलाचे गुण विचारायचे सोडून
निळ्या काट्यापाशी उभे राहिले.
असं एक घरी पाहिजे, म्हणाले,
म्हणजे हिला कळेल
मी कुठल्या वेळेत जेवतो.

पहिला नेम कशावर, यावर दोन दिवस भांडण.
निम्म्यांना शनीची कडी हवी.
मग तृषाली उठली.
मी मूळ नक्षत्रावरची, म्हणाली.
आत्या म्हणते, बापाच्या मुळावर आलेय.
बघू तरी, काय आहे तिथे.

जुलैचा बुधवार. खिडकीत चार दिवस नुसते ढग,
पारसिकचा डोंगरसुद्धा गायब.
पांढरा काटा विसाच्या घराशी आलेला.
पडदा काळा, काळाच,
मग वरून हळूहळू भरत गेला:
विंचवाची नांगी, तिच्या टोकाला
निळसर दोन ठिणग्या, शेजारी शेजारी,
आणि भोवती पीठ सांडल्यासारखं बरंच काही.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
तृषालीनं वहीत तिन्ही काट्यांची वेळ लिहिली.
खाली, निरीक्षण: दोन आहेत.

तासाची घंटा माझ्याकडे असते.
त्या दिवशी ती उशिरा झाली.