नऊ हिस्से पाणी

बिशपसाहेबांच्या धर्मप्रांतात
नऊ हिस्से पाणी आणि एक हिस्सा माणसं.
म्हणून गादी मिळाली तीही बोटीवर,
डिझेलच्या वासाची, डावीकडे कलणारी.
मी त्या बोटीचं इंजिन सांभाळलं, सतरा वर्षं.
देवाचं काम वर चालायचं, माझं खाली,
आणि मधल्या लाकडी जिन्यावर बसून
हडसन वाइपोरा सुपारी फोडायचे.

बाप मकिराच्या किनाऱ्यावरचा, कुप्याच्या मागे जाणारा.
पोराला मिशनच्या शाळेत घातलं
ते तिथे दोन वेळ रताळी मिळतात म्हणून.
हे ते स्वतःच सांगत, आर्चबिशपांच्या देखत:
"देवाची हाक मागाहून आली.
आधी ऐकली ती जेवणाची घंटा."

मग ऑकलंडला धर्मशास्त्र, बुटांत पाय सुजलेले.
मग परत, अनवाणी.
अभिषेकाला मिळालेली काळ्या लाकडाची काठी,
शिंपल्यांचे तुकडे जडवलेली;
पोवळ्यांच्या खडकांतून बोट काढताना
तिनेच आम्ही पाण्याची खोली मोजली. दोनदा.

भांडणाच्या वर्षी पोरं बंदुका घेऊन
रस्त्यात पिंपं आडवी टाकून बसली,
तेव्हा हे दोन्ही टोळ्यांच्या मधोमध जाऊन झोपले.
प्रवचन नाही. घोरले मात्र.
सकाळी कुणीतरी चहा आणून दिला.
ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे,
अंत्यविधीला तिघांनी सांगितली.

हाउराहाची कुणी सांगितली नाही.

शाळेला छप्पर हवं होतं.
लाकूड कंपनीचा माणूस पत्र्यांचा हिशेब घेऊन आला.
सही यांची. पेनही यांचंच.
दोन वर्षांत नदी तांबडी झाली,
झिंगे गेले, मग मासे,
मग माणसं, मुकाट्याने, वरच्या डोंगरावर.

तेव्हापासून दर राखेच्या बुधवारी
ते बोट तिकडे न्यायला लावत.
अंगात झगा नाही, गळ्यात क्रॉस नाही.
वाळूत उभे राहत. बसा, असं कुणी म्हणत नसे.
रेबेका सुनाओने नावाची म्हातारी खाली उतरून येई,
त्यांच्याकडे नीट बघे,
आणि त्यांच्या पायापाशी थुंके, लालभडक.
"बरोबर आहे," एवढंच म्हणून ते बोटीत चढत.
अशी अकरा वर्षं.
बाराव्या वर्षी तिने सुपारी फोडली,
अर्धी तोंडात टाकली,
अर्धी वाळूवर ठेवून निघून गेली.

ती क्षमा होती का, मला काय ठाऊक,
मी इंजिनवाला.
त्यांनी ती खाल्ली नाही, एवढं पाहिलं.

परवा त्यांना पुरलं, झग्यासकट, उंच टोपीसकट.
टोपी उंदरांनी कुरतडलेली होती,
ती बाजू आम्ही उशीकडे केली.
चष्म्याच्या डबीत मला ती अर्धी सुपारी सापडली,
दगड झालेली.
आता ती ठेवायची कुठे, विचारायचं कुणाला?
नवे बिशप अजून यायचेत.
बोट धक्क्याला आहे, डावीकडे कललेली.
रोज सकाळी पाच मिनिटं
मी इंजिन नुसतं चालू करून ठेवतो.