पाच लॉक, सहा दारं

लॉक म्हणजे कुलूप नव्हे,
हे आधी मला स्वतःलाच समजवावं लागलं.
लॉक म्हणजे पाण्याची पायरी:
होडी आत घ्यायची, मागचं दार लावायचं,
पाणी चढू द्यायचं, पुढचं उघडायचं.
लीड्सच्या ऑफिसात, चौथ्या मजल्यावर,
एका दुपारीच मी हे चौकटीत बसवलं:
लॉक. त्याला दोन दारं.
दाराला दोनच अवस्था, उघडं आणि बंद.
बाकी सगळं वगळलं. शेवाळ, वारा,
सुट्टीवर आलेली माणसं, त्यांचे भिजलेले कुत्रे.
वगळता येणं हेच तर आमचं कसब.
भाताच्या जागी चुरमुरे वाढून
भातुकलीची पंगत उठते,
आणि कुणी उपाशी राहिलो म्हणत नाही.

मग बिंग्लीला गेले.
उतारावर एकाला एक चिकटून पाच लॉक,
आणि पायथ्याशी पिवळ्या जाकिटात
बेरिल मर्गाट्रॉइड, हातात लोखंडी दांडा.
मी तिला स्क्रीनवर दाखवलं: पाच लॉक, दहा दारं.
तिनं चष्मा कपाळावर सरकवला.
"मोजून ये," म्हणाली.

मोजली, धापा टाकत चढताना. सहा.
उतरताना परत मोजली.
सहाच.

खालच्या लॉकचं वरचं दार
हेच वरच्या लॉकचं खालचं दार.
माझ्याकडे मात्र त्या एकाची दोन झाली होती,
एक उघडं असताना दुसरं खुशाल बंद राहत होतं,
आणि त्या दोघांच्या मधल्या, जगात नसलेल्या फटीत
माझं पाणी हरवत होतं.
तीन आठवडे मी ते गणितात शोधत होते.
दार लॉकच्या मालकीचं नसतं. दोघांच्या मधलं असतं.
ओल्या बाकावर बसून तिथल्या तिथे दुरुस्त केलं,
बोटं गारठलेली, तरी मनातून खूश.

"आणि बंद?" बेरिलनं विचारलं.
"बंद म्हणजे काय तुझ्यात?"
"शून्य. थेंबही नाही."
ती काही बोलली नाही. तिसऱ्या दारापाशी घेऊन गेली.
लाकडाच्या सांध्यांतून पाणी येत होतं,
कुणी न्हाऊन केस मोकळे सोडावेत तसं.
"माझे वडील इथे राख टाकायचे," ती म्हणाली,
"शेगडीतली, बादलीभर, वरच्या अंगाला.
पाणीच ती ओढून फटीत नेतं,
फट आपली आपण बुजते. दोन दिवस.
मग पुन्हा राख.
तुझ्या यंत्रात राख आहे?"

नव्हती.

परतीच्या गाडीत, सॉल्टेअर गेलं, शिपली गेलं,
आणि मला मामाच्या लग्नातलं घटिकापात्र आठवलं.
घंगाळात तरंगणारी तांब्याची वाटी,
तळाला सुईच्या अग्राएवढं भोक.
मी सात वर्षांची. भटजींना म्हटलं, ही फुटकी आहे.
अक्षता सारखी करत, वर न बघता ते म्हणाले,
फुटकी आहे म्हणून तर वेळ कळते, बाळ.

दुसऱ्या दिवशी मी गळती नावाचा कॉलम घातला.
सहा दारं, सहा आकडे, तिसऱ्याचा सर्वांत मोठा.
साहेब म्हणाले, इतकं बारीक कशाला, ढोबळ पुरे.
पण हेही ढोबळच होतं,
फक्त भोक कुठे आहे ते मला आता ठाऊक होतं.

राखेला मात्र कुठेच जागा सापडेना.
ती अवस्था नव्हे, आकडा नव्हे,
पाणी तिला जिथे नेईल तिथे ती.
शेवटी तिसऱ्या दाराच्या ओळीशेजारी
एक टीप लिहून ठेवली,
मशीन वाचत नाही तसली:

बेरिलला विचारा.
सोमवारी ती नसते.