चाळ बांधताना

मामा बोटीवर खलाशी होता.
एकदा ट्रंकेतून त्यानं आणलं
कुठल्याशा फिरंगी बंदरातलं चित्राचं कार्ड:
बाकावर बसलेली मुलगी, झगा फुगलेला,
वाकून बुटाची फीत बांधतेय.
मणके मोजावेत इतकी वाकलेली.
मागे मामाचं अक्षर: नाचणारी.
आई म्हणाली, नाचत्येय कुठे ही?

पुढे मी जैतापुरात चित्रकलेचा मास्तर झालो.
बावीस गौरी-गणपती
भुवडांच्या खळ्यात कागद मांडीवर घेऊन बसलो.
मृदुंग, झांज, आठ जणांचं रिंगण.
पेन्सिल टेकेपर्यंत पाय दुसरीकडे.
अंगठ्यानं कोळसा पुसून वेग दाखवायला गेलो,
निघाली घोण.

सकाळी त्याच खळ्यात
ओल्या शेणमातीवर टाचांचं गोल, खोल रिंगण.
बावीस वर्षांतलं एकच बरोबर चित्र,
त्यावरून कोंबड्या चालल्या होत्या.

यंदा लवकर गेलो.
पडवीच्या कडेला धाकू भुवड एकटाच,
रात्रीच्या एसटीनं आलेला, सेहेचाळीस वर्षांचा,
गुडघ्याला उंडीचं तेल चोळून
उजव्या पायात चाळ बांधत होता.
पट्ट्याचं एक टोक दातांत.
एक घुंगरू गळालेलं, तिथे सेफ्टी पिन.
पाठ वाकलेली,
खाडीवर पालथ्या घातलेल्या होडीसारखी.

हलला नाही तो. मीही नाही.
कोळशाच्या सहा रेघा, बास.
पिनसुद्धा काढली.

त्यानं तेलकट बोटांनी कागद धरला.
"गुर्जी, ह्यात नाच कुटं हाय?"
मी तोंड उघडलं,
तेवढ्यात आत मृदुंगावर थाप पडली
आणि तो उठला.
डावा पाय काढायचा राहिलाच.

आता शाळेत, नकाशांच्या कपाटावर,
ते कार्ड आणि हा कागद
शेजारी शेजारी टाचून ठेवलेत.
कागदाच्या कोपऱ्यात तेलाचा ठसा,
उन्हात तिथून पलीकडची भिंत दिसते.

सातवीतली दर्शना नाचणकर
डबा खायचा सोडून बघत राहिली,
एकदा त्या मुलीकडे, एकदा धाकूकडे.
मग म्हणाली,
सर, ह्या दोघांचं
खाली काय पडलंय?