चौकट

ओहोटी सहा वाजून दहा मिनिटांनी.
चिखलीच्या खाडीत पोटरीभर गाळ,
एक चप्पल कालच गेली, आज अनवाणी.
मी चौकट टाकते: पीव्हीसीचा पाइप,
मीटर बाय मीटर, कोपऱ्यावर निळी सुतळी.
हिच्या आत सापडेल तेवढंच खरं
असं ठरलंय.

मेंदियो, जिवंत: दोन.
रिकामे शिंपले: अकरा.
एक खेकडा, नोंद व्हायच्या आत
चौकटीबाहेर गेलेला.

पलीकडे पिएदाद बाय तिसऱ्या वेचतेय,
कमरेत वाकून, तोंड चालू.
"कितें मेजता गो चली?"
सांगितलं तर हसली.
"आमच्या जनेलाक मेज. थंय चड आसात."

दुपारी गेले. खरंच होतं जनेल.
लाकडी पट्ट्यांत ओवलेले शिंपले,
तिच्या पणज्याने बसवलेले;
काहींच्या जागी पुठ्ठा,
एका जागी बिस्किटाच्या डब्याचा पत्रा.
उरलेल्यांतून ऊन झिरपत होतं
ताकावरच्या निवळीसारखं.
मोजले. एकशे बेचाळीस.
महिनाभरात खाडीत मला जिवंत दिसलेले
सदतीस.

वहीत एक रकाना असतो, 'इतर निरीक्षणे'.
लिहिलं: खिडकी एक, पश्चिमेकडची.
सगळे मृत.
मग 'मृत'वर पेन थोडा वेळ थांबलं.

पिएदादने पेज वाढली, खारातली तोर ठेवली,
म्हणाली, तो पत्रा काढायचाय,
मोठा एखादा मिळाला तर आणशील?

मी मान हलवली.
हो म्हणाले की नाही, मलाच कळलं नाही.

बाहेर भरती लागलेली.
चौकट खालीच राहिली होती.